बत्तीसच्या बत्तीस होकार

पेटी कपाटावर सापडली. लॅबच्या कोपऱ्यात जे लोखंडी कपाट आहे, ज्याच्यावर जुने टेबलफॅन, तुटक्या खुर्चीचा हात आणि कोणाची तरी विसरलेली डब्याची पिशवी कायम पडलेली असते, त्याच्यावर. शेवंतीची माळ सुकून तपकिरी झाली होती तरी अजून तिच्या गळ्यात होती, आणि पत्र्यावर विभूतीचे तीन पट्टे, मधोमध कुंकू. रेणुकाराध्यांनी ती खाली उतरवली, फुंकर मारून धूळ उडवली आणि लहान मूल कडेवर घ्यावं तशी ती घेऊन उभे राहिले.

“अहो विरूपाक्ष, ही तुमच्या भट्टीची कंट्रोलची पेटी ना?”

“हो. का?”

“ही इथं माझ्या हातात आहे, तर मग तिकडं टेबलावर चालू आहे ती कोण?”

विरूपाक्षने मान वळवली. पडद्यावर हिरवी ओळ होती. भट्टी तयार, पंखा चालू, दार बंद. दर सेकंदाला ती ओळ नव्याने उमटत होती आणि दर वेळी तेच सांगत होती. टेबलामागे जाड वायरचं मोकळं टोक लोंबकळत होतं. दसऱ्यातल्या आयुधपूजेच्या दिवशी कोणीतरी ते उपटलं होतं, मध्ये दिवाळी येऊन गेली, आणि इतके दिवस पडदा म्हणत होता, सगळं ठीक आहे.

रेणुकाराध्य खुर्चीत बसून पोट धरून हसले. चाचणीचं काम त्यांचं. या कंपनीत दोघांचे केस बरोबरीने पांढरे झाले. “मढ्याची नाडी धरून डॉक्टर सांगतोय, प्रकृती ठणठणीत! आणि मी गाढव रोज सकाळी येऊन मान डोलावून जातोय. नंदीबैल झालो की मी.”

विरूपाक्षही हसला. हसण्यासारखंच होतं. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत आयुधपूजेच्या दिवशी स्क्रूड्रायव्हरपासून लेथपर्यंत सगळ्यांना अंघोळ घालतात, ओळीने मांडतात, कुंकू लावतात, आणि बाहेर रस्त्यावर कोहळा आपटून फोडतात. त्या ओळीत भट्टीची पेटी नसती तर मालकांना चाललं नसतं. रामनगरकडच्या रेशीमवाल्यांसाठी कोश वाळवायच्या भट्ट्या बनवून तर कंपनी उभी राहिली. कोणीतरी भक्तिभावाने पेटी सोडवली, पूजेला मांडली, पूजा झाल्यावर तितक्याच भक्तिभावाने उंचावर ठेवून दिली. संगणक मात्र कोणी बंद केला नाही. चाचणी चालू होती ना. चालू चाचणीला हात लावायचा नाही, असा विरूपाक्षनेच कागद लिहून चिकटवला होता.

विरूपाक्ष ड्रायव्हर लिहीत असे. लग्न ठरताना तीर्थहळ्ळीला मुलीच्या एका म्हाताऱ्या काकांनी त्याला विचारलं होतं, “लॉरीचा की बसचा?” आणि दाराआडून कोणीतरी फिस्सकन हसलं होतं. ती सुमंगला. ते हसू त्याने प्रथम ऐकलं, तोंड नंतर पाहिलं. पुढे एकदा तिने हट्टच धरला, नेमकं करता तरी काय ते सांगा, तेव्हा त्याने सांगितलं होतं. प्रोग्रामला यंत्राशी थेट बोलायची मुभा नसते. मध्ये ड्रायव्हर बसतो, बँकेच्या खिडकीतल्या कारकुनासारखा. प्रोग्राम विचारतो, हा आत जाऊन यंत्राला विचारून येतो, उत्तर बाहेर देतो. यात वेळ फार जातो. म्हणून एक दुसरी सोय असते. यंत्राच्या पोटातली मेमरी प्रोग्रामच्या घरातच मांडून द्यायची, अख्खं पानच्या पान. त्याला मॅप करणं म्हणतात. मग प्रोग्रामला वाटतं, ही तर आपलीच मेमरी. हवं तेव्हा नजर टाकावी, विचारायला जायचं कारण नाही. “आणि कारकून?” सुमंगलाने विचारलं होतं. तो म्हणाला, “कारकून उठून जातो. त्याचं काम झालं.” ती जरा वेळ विचार करून म्हणाली होती, “मला नाही आवडलं हे. विचारण्यात काहीतरी असतं.” तो तिच्या अडाणीपणाला हसला होता.

या भट्टीच्या वेळीही हा मॅप करण्याचा आग्रह त्याचाच होता. मीटिंगमध्ये वरचे साहेब, प्रल्हादराव, साशंक होते. त्याने त्यांना पटवलं होतं. दर वेळी विचारत कशाला बसायचं, सर? एकदा खिडकी उघडून दिली की झालं, समोर दिसतंच आहे. “आणि यंत्रच गेलं तर?” प्रल्हादरावांनी विचारलं होतं. “जाईल कुठं?” असं तो म्हणाला होता आणि सगळे हसले होते. यंत्र गेलं तर ड्रायव्हरने ती खिडकी विटा घालून बुजवायची असते. मग प्रोग्राम तिथं बघायला गेला की भिंतीवर आपटतो, मरतो, पण निदान बोंब तरी होते. ते काम राहून गेलं होतं. आणि बुजवायच्या राहिलेल्या खिडकीतून, पलीकडे कोणी नसताना पाहिलं, तर काय दिसतं? माणसाला वाटेल, काहीच नाही. शून्य. तसं नसतं. नसलेलं यंत्र नाही म्हणत नाही. त्याच्याकडून सगळे एक येतात. स्थितीचे बत्तीस खाने, बत्तीस प्रश्न, आणि बत्तीसच्या बत्तीस होकार. भट्टी तयार आहे? हो. पंखा फिरतोय? हो. दार बंद आहे? हो. आग लागली आहे? त्यालाही हो, पण पहिल्या तिन्ही प्रश्नांना हो आल्यावर प्रोग्राम चौथा विचारत नव्हता. त्याला तेवढ्याने बरं वाटत होतं.

“नशीब, लॅबमध्येच सापडलं,” प्रल्हादराव एवढंच म्हणाले. “उद्यापर्यंत दुरुस्त करा, आणि चालू पेटी पूजेला काढत जाऊ नका.” रागावलेही नाहीत. तिथंच हे संपायला हवं होतं. दुपारी जेवण झाल्यावर विरूपाक्षने सवयीने घरी फोन लावला.

“जेवलीस?”

“हूं.”

“गोळी घेतलीस?”

“हूं.”

“बरं आहे ना?”

“हूं.”

आणि तो फोन ठेवून देणार होता. रोज ठेवतो तसाच. पण हात कानाशीच राहिला. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, एक दार लागलं, तिने वाट पाहिली असावी किंवा नसावी, आणि फोन बंद झाला.  तीन प्रश्न. तिन्ही हिरवे. चौथा त्याने विचारला नव्हता. तुला काही होतंय का, हे त्याने शेवटचं कधी विचारलं होतं? विचारलं असतं तर त्यालाही ती हूंच म्हणाली असती, आणि ते त्याला ऐकूच आलं नसतं.

दुपारभर तो दुरुस्तीला बसला, पण बोटं चालेनात. त्याला ती कधी ‘नाही’ म्हणाल्याचं आठवेना. माणूस हरवलेली किल्ली शोधतो तसा तो एक ‘नाही’ शोधत राहिला. अगदी सुरुवातीला तर रीघ होती त्यांची. इथल्याच श्रीरामपूर पेठेतल्या त्या भाड्याच्या खोलीत नवऱ्याचं एकही वाक्य ती धड जाऊ देत नसे. सारात मीठ कमी आहे म्हटलं की “मुळीच नाही, तुमच्या जिभेला सवय वाईट.” सिनेमाला जाऊ म्हटलं की “तो नट? नको गं बाई.” खोलीला निळा रंग देऊ म्हटलं तर कमरेवर हात ठेवून उभी राहिली होती. “निळ्या खोलीत मला झोप येत नाही. विहिरीत पडल्यासारखं वाटतं. द्यायचाच असेल तर तुम्ही एकटे निजा.” पिवळा दिला. मुलींच्या हायस्कुलात ती कन्नड शिकवायची. संध्याकाळी वह्यांचा गठ्ठा मांडीवर घेऊन लाल रेघा मारता मारता मध्येच त्याच्याही बोलण्यातली चूक काढायची, आणि त्याला राग यायचा, आणि त्या रागाचं सुख किती होतं हे आता, डोक्यावर ट्यूबलाइटची गुणगुण ऐकत बसलेल्या विरूपाक्षला कळत होतं. मग त्याची आई अंथरुणाला खिळली. शाळा सोडायचं ठरलं. कोणी ठरवलं? त्याने विचारलं होतं, हे नक्की. “शाळा सोडतेस ना मग?” असं विचारलं होतं. ती भांडली होती. आठ दिवस बोलली नव्हती. म्हणजे तेव्हा होती. तेव्हापर्यंत पलीकडे कोणीतरी होतं.

मग मूल व्हावं म्हणून डॉक्टरीणबाई. वर्षानुवर्षं चाललेले ते फेरे, सुया, उपास, कोणी सांगितलेली नागाची पूजा. शेवटच्या वेळीही काही राहिलं नाही तेव्हा रिक्षातून येताना त्याने विचारलं होतं, “आता पुरे ना, सुमा?” रिक्षाच्या आवाजात ती काहीतरी म्हणाली. ‘हूं’ म्हणाली. त्याला केवढं हायसं वाटलं होतं. किती समजूतदार आहे, असं वाटून त्याने तिचा हात हातात घेतला होता आणि त्याच रात्री तिला म्हणाला होता, “आता आपल्यात विचारण्यासारखं काय राहिलंय? तुझ्या मनात काय आहे ते मला न सांगता कळतं.” आपण फार मोठं काहीतरी बोललो, अशा समाधानात तो झोपी गेला होता. पुढे नागरभावीचा फ्लॅट झाला. रंगारी पुस्तिका घेऊन आला. “झोपायच्या खोलीला हा निळा चालेल?” “हूं.” आजही ती खोली निळीच आहे. तो तिथं रोज झोपतो. ती झोपते की नाही, त्याला ठाऊक नव्हतं.

म्हणजे पिवळ्या आणि निळ्याच्या मध्ये कुठंतरी. त्याला धंद्याची सवय. चूक कुठे शिरली ते शोधायचं तर चालू असलेला शेवटचा दिवस आणि बंद पडलेला पहिला दिवस धरायचा आणि मधलं अंतर निम्मं निम्मं करत जायचं. पण मधलं काही सापडेना. त्या वर्षांतल्या प्रोग्राममधल्या चुका मात्र त्याला एकेक आठवत होत्या. कुठल्या पावसाळ्यात कुठलं यंत्र का अडून बसलं होतं, ते तो आजही झोपेतून उठून सांगेल. स्वतःच्या या आठवणीची त्याला शिसारी आली.

“तोंड असं का एरंडेल प्यायल्यासारखं?” रेणुकाराध्य कॉफी घेऊन आले. “अहो, चूक सापडली, गंगेत घोडं न्हालं. आता पुढचं बघा.”

“सापडली, पण ओळखायची कशी?” विरूपाक्ष म्हणाला. “सगळे एक आले तर ते खरेच एक आहेत की पलीकडे कोणी नाही, हे कसं कळणार?”

“तुम्हीच मला शिकवलंत आणि मलाच विचारता? असा खाना वाचायचा, जिथं सगळे एक असूच शकत नाहीत. असा प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर ‘हो’ येणंच शक्य नाही.” त्यांनी कॉफीचा घोट घेतला. “तिथंही ‘हो’ आलं, तर नारळ फोडा आणि घरी जा.”

विरूपाक्ष घरीच गेला. अंधार पडायच्या आतच तो बाहेर पडला, हे पाहून वॉचमननेही घड्याळ पाहिलं. सुमनहळ्ळीच्या पुलाखाली स्कूटर नेहमीसारखी अडकली. दोन्ही पाय रस्त्यावर टेकून तो उभा होता, पुढे बसचा धूर, बाजूला भाजलेल्या कणसांचा वास, आणि डोक्यात तो एक प्रश्न बनवत होता. नाव चुकीचं घेऊन पाहावं का? नको, तिला लागेल. लागेल, या कल्पनेनेच त्याला आशा वाटली. मग वाटलं, विचारूच नये. न विचारता ती आहे, असं धरून आणखी वीस वर्षं निघून जातील. कोश भट्टीत वाळवतात ते आतला किडा मरावा म्हणून. तो बाहेर पडला तर धागा तुटतो. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. पुढची बस कधीच निघून गेली होती.

सुमंगला हॉलमध्ये जमिनीवर बसली होती. हंगामातले पहिले अवरेकाळू, म्हणजे पावटे. भिजवलेले दाणे पातेल्यात होते, आणि ती एकेक दाणा चिमटून साल काढत होती. साल एका बाजूला, गुळगुळीत हिरवा दाणा दुसऱ्या. टीव्ही चालू होता, आवाज बंद. तो लवकर आला म्हणून तिने वर पाहिलं नाही. तो चप्पल काढून, पाय धुऊन, तिच्यासमोर जमिनीवरच बसला. गुडघे कुरकुरले. जमिनीवर बसून किती दिवस झाले होते.

“दमलीस?”

“हूं.”

“कॉफी घेऊ या थोडी?”

“हूं.” उठली नाही.

तिच्या केसांत कानामागे पांढरा पट्टा होता. तो नवा होता की जुना? चिमटीतून दाणा सुटायचा तेव्हा अगदी बारीक आवाज यायचा. त्याला परीक्षेला बसल्यासारखं वाटत होतं, आणि तो तर परीक्षा घेणारा होता.

“सुमा, लहानपणी तू दिल्लीला होतीस ना?”

तीर्थहळ्ळीच्या नदीकाठी जन्मलेली, शिवमोग्ग्याला शिकलेली, तुंगेचं पाणी सोडून दुसरं पाणी गोड न लागणारी बाई. हिने दिल्ली नकाशातसुद्धा नीट पाहिली नसेल.

“हूं,” सुमंगला म्हणाली.

टीव्हीत एक माणूस तोंड उघडून काहीतरी ओरडत होता. विरूपाक्ष तसाच बसून राहिला. रडू आलं नाही.  साल, दाणा. साल, दाणा. इतकी वर्षं ज्या घरात तो पाय पसरून राहत होता, त्याच्या पलीकडच्या भिंतीला वायरचं मोकळं टोक लोंबत होतं, आणि त्याला आता उठून आत जायचीही भीती वाटत होती.

“दिल्लीचं काय मध्येच?” सुमंगला म्हणाली. मान खालीच होती. “मी मास्तरीण होते हो. परीक्षेचा प्रश्न मला वासावरून कळतो.”

त्याच्या छातीत एवढा आनंद उसळला की तो हसणारच होता. पलीकडे कोणीतरी होतं. “मग हूं का म्हणालीस?” तो म्हणाला. “बरोबर उत्तर ठाऊक असून?”

“सवय. तुम्हाला हवं असतं ते.” तिने चिमटलेला दाणा भांड्यात टाकला. “मीसुद्धा घेतली होती एकदा तुमची परीक्षा.”

“कधी?”

“श्रीरामपुरात. डॉक्टरीणबाईंकडे शेवटचं जाऊन आलो ना, त्याच्या पुढच्या आठवड्यात. तुम्ही त्या तुमच्या लॅपटॉपवर होतात. मी दारात उभी राहून विचारलं, मी निघू का? तुम्ही ‘हूं’ म्हणालात. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. म्हणून जवळ येऊन, अगदी खांद्याशी येऊन विचारलं, परत नाही आले तर चालेल? ‘हूं’ म्हणालात. वर मानही हलवलीत.”

“माझं लक्ष नसेल गं.”

“नव्हतंच. ते तेव्हाच कळलं.” ती अगदी शांतपणे बोलत होती, आवाजात राग असता तर त्याने तो दोन्ही हातांनी धरला असता. त्या आठवड्यात काय होतं? त्याला लगेच आठवलं. छापखान्याच्या यंत्राचं काम होतं. एक पान चुकीच्या जागी मॅप होत होतं. तीन दिवस चूक सापडत नव्हती, आणि सापडली तेव्हा तो एकटाच मोठ्याने ओरडला होता. ओरडलेलं ऐकायला घरात कोणी होतं का, ते मात्र आठवेना.

“मग?” त्याने विचारलं.

“मग काय. पिशवी भरलेलीच होती. मॅजेस्टिकच्या बसस्टँडवर गेले. तीर्थहळ्ळीची बस लागली होती. तेव्हा तिकडं माझी आई होती ना. खिडकीची जागासुद्धा मिळाली.” तिने सालींचा ढीग हाताने गोळा केला. “संध्याकाळी तुम्ही विचारलंत, आज सार का नाही.”

“म्हणजे तू उतरलीस बसमधून.”

ती हिरवे दाणे हाताने सारखे करत राहिली. तो पुढे सरकला, गुडघा पातेल्याला लागला आणि थोडं पाणी सांडलं. तिने ते पदराने टिपलं.

“सुमा, पण तू परत आलीस ना? इथंच तर आहेस की गं. परत आलीस ना तू?”

“हूं,” सुमंगला म्हणाली, आणि साली टाकायला उठली.